खारा हात

परत आलेला खोका देवेशसरांनी स्वतः फोडला. एरवी असल्या कामाला ते हात लावत नसत. गाळ्याचे मालक ते, त्यांची जागा काचेच्या केबिनमध्ये. पण गिऱ्हाइकाने माल परत पाठवला की मालकाला अचानक सगळं यायला लागतं. त्यांनी कटरने पट्टी कापली, कागदात गुंडाळलेल्या पिना, म्हणजे बोटभर जाडीच्या लोखंडी दांड्या, एकेक करून टेबलावर मांडल्या, त्यातली एक उचलून ट्यूबलाइटखाली धरली आणि म्हणाले, "हे काय आहे?" मशीनी बंद झाल्या होत्या, छताचा पंखा तेवढा कुरकुरत होता. पिनेच्या चकचकीत अंगावर तपकिरी डाग उठला होता. डाग म्हणजे नुसता ओघळ नव्हे. तो अंगठा होता. रेषेला रेष लागून उठलेला, रेशनच्या कचेरीत अर्जावर उठवावा तसा. दुसऱ्या पिनेवर अंगठा आणि एक बोट. तिसरीवर फक्त बोटाचं टोक. "कुणाचे हात आहेत हे?" देवेशसरांनी विचारलं, आणि रुचिरा त्या डागाकडे बघत राहिली. हा आपला असू शकतो, एवढंच तिच्या मनात आलं. बसची वाट बघताना ही आपली बस असू शकते असं वाटतं, तितपतच. छातीत धस्स वगैरे काही झालं नाही. व्हायला हवं होतं हे तिला कळत होतं. काही वाटायचं तेव्हा काहीच वाटत नाही, या गोष्टीची तिला वर्षभरात इतकी सवय झाली होती की त्याचंही आता काही वाटत नव्हतं.

पायाला मुंग्या येऊन तो बधिर झाला की आपण तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवतो, तशी ती रोज सकाळी स्वतःला उचलून चारकोपच्या या गाळ्यात आणून ठेवत असे. लेथसमोर उभं राहायचं, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकच्या जबड्यात चावीने आवळायचा, चावी काढून घ्यायची, टूल लावायचं, चक्र फिरवायचं. लोखंडाची निळसर साल सुटत जाते, दुधासारखं कूलंट वाहत राहतं, आणि जॉब घटत घटत हव्या त्या मापावर येतो. मापावर आला की थांबायचं. त्यातलं थांबणं तिला फार आवडायचं. अंबादासकाका, म्हणजे गाळ्यातले सगळ्यात जुने टर्नर, ज्यांच्या हाताखाली ती अॅप्रेंटिस म्हणून शिकत होती, ते म्हणायचे, "माल कापणं कुणालाही येतं पोरी. थांबणं शिकायला जन्म जातो." असली वाक्यं ते दिवसातून बरीच टाकत आणि टाकून झाल्यावर तंबाखू मळत, त्यामुळे ती कुणी फारशी मनावर घेत नसे. पहिले बरेच महिने तिच्याकडे सगळं रफ काम होतं, तेलकट, हात कोपरापर्यंत काळे. तिथे कुणाचा घाम कुठे लागला हे देवालाही कळलं नसतं. दिवाळीच्या तोंडावर हे नवं गिऱ्हाईक आलं. त्यांना पिना कोरड्या हव्या होत्या, तेलाचा थेंब नको, कारण म्हणे त्यांच्या रबराच्या सीलला तेल सोसत नाही. फिनिशिंगला हलका हात पाहिजे म्हणून काकांनीच रुचिराचं नाव सुचवलं. मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत हा तर पहिल्या दिवसाचा धडा; मोजा अडकला की मशीन बोट ठेवत नाही. तेव्हा ती उघड्या हाताने पिन काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, बोटांत धरून उजेडात फिरवून बघायची आणि कागदात गुंडाळायची. फार छान दिसायची पिन. गुंडाळताना तिला स्वतःचा चेहरा त्यात लांबट होऊन दिसायचा.

"सर, हा खारा हात आहे," अंबादासकाका म्हणाले.

"म्हणजे?"

"काही लोकांचा घामच तसला असतो. लोखंडाला लागला की एका रात्रीत छाप उठतो. साबणाने धुवा, नायतर गंगेत बुडवा, थोड्या वेळाने परत तेच. माणसाचा दोष नाय त्यात."

"दोषाचं मी बोलतच नाहीये. कुणाचा आहे ते सांगा."

"ते कसं सांगू? घाम सगळ्यांनाच येतो."

सम्यक, तिच्याच बरोबरीचा दुसरा अॅप्रेंटिस, हळूच म्हणाला, "माझा निघाला ना, तर आई मला लोणच्याच्या बरणीजवळ उभं नाय करणार यार." कुणी हसलं नाही. देवेशसर इंजिनियर होते आणि प्रत्येक गोष्टीला एक चाचणी असते अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी स्टोअरमधून ग्राइंड केलेली एक गुळगुळीत लोखंडी प्लेट काढायला लावली, पेट्रोलने लख्ख पुसली, तिच्यावर मार्करने सगळ्यांची नावं लिहिली आणि ज्याने त्याने आपापल्या नावाखाली अंगठा दाबायचा असा हुकूम केला. स्वतःचंही नाव लिहिलं, म्हणजे अन्याय नको. शनिवारची संध्याकाळ, उद्या सुट्टी, सोमवारी सकाळी बघू. "ज्याचा उठेल त्याला मशीनवर ठेवणार नाही," ते प्लेटकडे बघत म्हणाले, माणसांकडे नाही. "आणि पुढच्या महिन्यात तुम्हा दोघांपैकी एकाला परमनंट करायचंय, त्यात पण तो नसणार. सॉरी. पण हे गिऱ्हाईक गेलं तर गाळ्याला कुलूप लागेल." माणूस वाईट नव्हता. सॉरी म्हणताना त्यांचे कान लाल झाले होते. रुचिराने आपल्या नावाखाली अंगठा टेकवला. प्लेट थंड होती. तिने उचलला तेव्हा एक धुरकट ठसा दिसला आणि बघता बघता उडून गेला. सगळ्यांचेच उडाले. प्लेट पुन्हा कोरीच्या कोरी, कुणाचा काही संबंध नसल्यासारखी.

ती बॅग घेऊन निघाली तेव्हा काका शटरपाशी तंबाखू मळत उभे होते. त्यांची नजर आत, तिच्या टूलबॉक्सच्या कडीवर होती. ती कडी बाकीच्यांच्या कड्यांसारखी करडी नव्हती, विटकरी झाली होती. रोज डोळ्यांसमोर असून रुचिराने ती कधी पाहिलीच नव्हती. "सोमवारी जरा लवकर ये," काका म्हणाले. "चावी माझ्याकडेच असते." ती "बरं" म्हणाली आणि रस्त्याला लागली.

घर जवळच, चारकोपच्याच एका सेक्टरमधलं. गाळ्यांची रांग संपली की भेळेची गाडी, मग शाळेची भिंत, मग बैठ्या घरांच्या माळा. उकाडा असा की शर्टाची पाठ अंगाला चिकटलेली. वाटेत तिने स्वतःचे तळवे उघडून पाहिले. ओले होते. नेहमीच ओले असायचे. शाळेत पेपर लिहिताना ती हाताखाली रुमाल ठेवायची. बाबांचेही तसेच. बाबा, दशरथ नाव त्यांचं, चालताना तळवे पँटीला पुसत पुसत चालायचे आणि त्यांच्या सगळ्या पँटी मांडीवर झिजलेल्या असायच्या. घरात या ओल्या हातांची थट्टा चालायची. आईची विळी, म्हणजे तिच्या मालवणीतला आडाळो, सकाळी लाल झालेला दिसला की आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "हात लावलास काय गो आडाळ्याक? बापाशीन लावल्यान तरी गंजता, तू लावलंस तरी गंजता. दोघांचे हात म्हंजे मिठाची गोणी!" बाबा हसायचे. पण बोलायचे काही नाहीत. पुढे पुढे ते विळीपासून लांबच राहायला लागले, नारळसुद्धा आईलाच फोडायला सांगायचे, आणि आई म्हणायची, बाप्याचा जीव कसला कोमल बघा. हे सगळं इतकं रोजचं होतं की त्याचा कशाशी काही संबंध लावावा असं कुणाला वाटलं नाही. घरातली गोष्ट घरात, मशीनची मशीनवर.

आणि बाबांना मशीन माहीत होतं, हेही घरात असंच पडून राहिलेलं. आजोबा गिरणीत, बाबा मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर. रुचिरा बालवाडीत असताना ते तिथून सुटले. का सुटले, तर साहेबाशी वाजलं, एवढंच. त्यानंतर बोरिवलीच्या एका सोसायटीत वॉचमन, शेवटपर्यंत. निळा गणवेश, प्लास्टिकची खुर्ची, लोकांच्या गाड्यांसाठी गेट उघडायचं. गेटला त्यांनी कापडाची एक गुंडाळी बांधली होती, तिला धरूनच ते गेट ओढायचे. तिला वाटायचं, उन्हाने तापतं म्हणून. सुट्टीच्या दिवशी ते तिला गोराईच्या धक्क्यावर न्यायचे, होडी येताजाताना बघायला. कठड्याला ते कधी धरायचे नाहीत, पण तिचा हात मात्र खुशाल धरून ठेवायचे, ओला ओला हात, सबंध वेळ. माणूस गंजत नाही म्हणून असेल.

ती थांबली. भेळवाल्याने तिला, "ताई, तिखट?" असं विचारलं, म्हणजे ती त्याच्या गाडीसमोरच थांबली होती. ती नाही म्हणाली आणि पुढे गेली. तिला पिन आठवली होती. आजच्या खोक्यातली नव्हे, तिची स्वतःची. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत तिने केलेली, वीस मिलिमीटर जाडीची, वीतभर लांबीची साधी सरळ पिन. नंदकिशोर सरांनी मायक्रोमीटर लावला होता आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "वीस पॉइंट शून्य शून्य. या टोकाला, त्या टोकाला, मध्ये. बघा रे जरा." ती पिन ओढणीत गुंडाळून ती घरी आली. बाबा ड्युटीवर निघायच्या तयारीत होते. तिने पिन त्यांच्यापुढे धरली. टर्नरच्या मुलीने टर्नरला दाखवायची पहिली वस्तू. बाबांनी वाकून पाहिली, डोळे बारीक करून, नाक लागेल इतक्या जवळून. आणि हात मागे बांधले. "घ्या ना बाबा, बघा ना हातात घेऊन," ती म्हणाली. "ठेव तिथं," बाबा म्हणाले. "टीव्हीवर ठेव." बस्स. ते गेले. तिने ती रात्रभर उशीखाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर. त्या दिवसापासून बाबांच्या आणि तिच्या बोलण्यात काहीतरी आखडलं ते आखडलंच. मुलीने लोखंडात हात घातले हे त्यांना आवडलं नाही, किंवा जे त्यांना टिकवता आलं नाही ते तिला जमलं हे सोसलं नाही. दोन्ही उत्तरं तिने स्वतःच शोधली आणि दोन्ही खरी धरून चालली. पुढे त्यांनी तिला मायक्रोमीटर आणून दिला, तोही डबी रुमालात धरून. तिला वाटलं, डबीलासुद्धा हात लावायचा नाही यांना. ती थँक्यू म्हणाली. घरात कुणी बापाला थँक्यू म्हणतं का? ती म्हणाली. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर चार दिवसांनी ते खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. सोसायटीवाल्यांचा फोन आला तेव्हा ती डाळ निवडत होती. तिने ताट आधी नीट बाजूला ठेवलं. रडू आलं नाही. लोकांनी पाठीवरून हात फिरवला, म्हणाले, रड बाळा, मोकळी हो. तिला ते लोक दुसऱ्या कुणाशी तरी बोलतायत असं वाटत होतं.

रविवारी दुपारी आईने बांगडे काढले आणि आडाळ्यावर बसली. रुचिरा उंबऱ्यात बसून तिच्याकडे बघत होती. कपाट उघडायचं आहे हे तिला सकाळपासून माहीत होतं, आणि सकाळपासून ती केस धुणं, कपडे वाळत घालणं, शेजारच्यांना पाण्याची बादली देणं असली कामं काढत होती. पिन आता टीव्हीवर नव्हती. बाबा गेल्यावर आईने घर आवरताना ती कपाटात ठेवली होती. तेराव्याच्या दिवशी पाहुणे जेवत असताना रुचिराने कपाटाच्या दाराआड उभी राहून ती शेवटची हातात घेतली होती, घट्ट, मूठ दुखेपर्यंत, रडू येतं का बघायला. नाही आलं. मग तिने ती परत ठेवली आणि वाढायला गेली.

"आई, माझी ती पिन कुठेय?"

"खयची पिन?"

"लोखंडाची. परीक्षेची."

"हां, ती," आई म्हणाली आणि बांगड्याचं डोकं टाकून थांबली. "ती आता कोण बघता? हे होते तवसर चकचकीत होती. तू कॉलेजाक गेलंस काय हे ती घेवन दारात बसत. तो काळो कागद नाय, तेनी घाशीत."

"कोण? बाबा?"

"मग कोण, शेजारी? नाइट करून आले तरी झोपाक नाय. आधी ती घासतले, फडक्यान तेल लावतले, फडक्यानच उचलून परत टीव्हीवर. मी म्हटलंय, सोन्याची आसा काय? तर म्हणाले, पोरीचं काम आसा, नीट रवाक होया. आणि तिका सांगू नको म्हणाले. तू आपली मैत्रिणी इल्या की हातात घेवन नाचवत बसायचंस, हे परत घाशीत बसायचे."

"का सांगू नको म्हणाले?"

"माका काय ठाऊक? सांगायचे खय काय." आई पुन्हा माशाकडे वळली. मग ती आपणहून म्हणाली, "मरोळची कंपनी सोडून इले ना, तेव्हा पण काय बोलाक नाय. संध्याकाळभर नळाखाली हात धुवत रवले. मी म्हटलंय, पाणी जाईत. तरी धुवत रवले."

रुचिरा उठली आणि कपाट उघडलं. पिन खालच्या खणात, जुन्या पातळाच्या तुकड्यात होती. तिने तुकडा सोडला आणि तिला तिची मूठ दिसली. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, तपकिरी, खोल रुतलेली, वर्षभर कुणी न पुसलेली. तेराव्याच्या दिवशी दाराआड आवळलेली मूठ जशीच्या तशी तिथे उरली होती. म्हणजे प्लेटवर काय उठणार हे तिला कळलं. त्यासाठी सोमवार उजाडायची गरज नव्हती. तिने मायक्रोमीटर काढला. तो कशासाठी काढला हे तिला सांगता आलं नसतं. हाताला सवय असते, लोखंड दिसलं की मापायचं. टोकाला लावला. एकोणीस पॉइंट अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या टोकाला तेच. मग मध्ये लावला, बोटांच्या डागांच्या शेजारी, जिथे अंग साफ होतं. चक्री फिरत राहिली, फिरत राहिली, लागायला हवी होती तिथे लागली नाही. एकोणीस पॉइंट ब्याण्णव. तिने पुसून पुन्हा लावला. ब्याण्णव. वीस पॉइंट शून्य शून्य, सरांनी सगळ्या वर्गाला सांगितलं होतं. आज ही पिन कुठल्याही इन्स्पेक्टरने बाजूला फेकली असती. वस्तू मध्ये जिथे धरतात, जिथे तिची बोटं पडायची, तिथेच ती बारीक झाली होती. केसाइतकीही नाही. डोळ्याला तर दिसतच नव्हतं. पण कागदाने एवढा माल काढायचा तर माणसाने किती दुपारी दारात बसायला लागतं, हे तिला आता कळत होतं. वर्षभर लेथवर उभी राहून ती दुसरं काय शिकली होती?

आणि तिला राग आला. इतक्या दिवसांनी काहीतरी आलं आणि तो राग होता, तोही मेलेल्या माणसाचा. त्यांना कळलं होतं. पहिल्या आठवड्यातच टीव्हीवरच्या पिनेवर तिची बोटं उठलेली त्यांनी पाहिली असणार, आणि ओळखली असणार, स्वतःचा चेहरा ओळखावा तशी. एक शब्द बोलायचा होता. बाळा, आपला हात खारा आहे, तेल लावत जा, फडक्याने धरत जा. त्याऐवजी ते गुपचूप पुसत बसले. तिला कळू नये म्हणून पुसलं, की स्वतःला बघवेना म्हणून पुसलं? नळाखाली हात धुवत राहिलेला माणूस. त्यालाही कुणीतरी सगळ्यांसमोर अंगठा टेकवायला लावला असेल का? आणि तिने त्यांना थँक्यू म्हटलं होतं. हात मागे बांधून उभ्या असलेल्या त्या माणसाला तिने मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. ती कपाटाला टेकून खाली बसली. फरशी गार होती. गार आहे हे तिला लागलं, नीट, पायांना आणि मांड्यांना. आईने आतून हाक मारली, "मीठ लावून ठेव गो ह्या बांगड्यांका, माजे हात वल्ले आसत," आणि तिला एकाच वेळी हसू आणि हुंदका आला, दोन्ही नीट बाहेर पडले नाहीत. मग ती उठली आणि बांगड्यांना मीठ लावलं.

सोमवारी ती गेली तेव्हा शटर अर्धं वर होतं. आत एकच ट्यूब लावलेली. अंबादासकाका टेबलाशी उभे होते आणि त्यांच्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा होता, काळा, घडी घातलेला. प्लेट समोर होती. देवेशसरांच्या नावाखाली काही नव्हतं. सम्यकच्या नावाखाली काही नव्हतं. काकांच्या नावाखाली हलकी सावली, ती तंबाखूचीही असेल. रुचिराच्या नावाखाली अंगठा होता. अख्खा, भोवऱ्यासकट, जणू आत कोरलेला.

"साहेब यायचाय अजून," काका म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "दोन हात मारले की साफ. घासलेली जागा चमकू नये म्हणून वरून दाबतो मी माझा, कोरडा करून. कुणाला कळत नाय."

ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"अगं, बघतेस काय? यात लाज नाय काय. मी सांगतो ना तुला. फिनिशला हात लावायच्या आधी तेल चोळायचं, तयार जॉब उचलायचा तो फडक्याने. असे हात असलेली माणसं उभा जन्म लेथवर राहिलीत. पण ते ह्या साहेबाला, ह्या पोराला, कळायला वेळ लागेल, आणि तोवर तू घरी बसशील. तुझी मेहनत मी बघितलीय. बोल, पुसू?"

त्यांनी पेपर प्लेटवर ठेवला होता, तिच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर. जाड, काळी पडलेली बोटं, नखात वंगण. बाबांची बोटं अशीच होती. रविवारच्या, सोमवारच्या, कुठल्याही दुपारी दारात बसलेली. तिला ती आता अगदी स्पष्ट दिसली, वर्षभरात दिसली नव्हती तशी, आणि कागदाची ती खरखर ऐकू आली.

"नका पुसू काका."

"पोरी, काम जाईल."

"जाऊ दे. गेलं तर गेलं." तिचा आवाज हलला, आणि हलू दिला तिने. "पुसून पुसून माप जातं, काका."

काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असणं शक्य नव्हतं. पण टर्नरला एवढं वाक्य पुरतं. त्यांनी पेपरची घडी खिशात घातली आणि तंबाखूची डबी काढली. बाहेर देवेशसरांच्या स्कूटरचा आवाज आला, स्टँड लागला. सम्यकही मागोमाग आला, डोळे चोळत, "उठला काय कुणाचा?" करत. सर सरळ टेबलाशी आले, चष्मा वर करून वाकले, आणि सगळ्यांना दिसत असलेली गोष्ट पुन्हा एकदा मोठ्याने विचारली, कारण त्यांना ती वाचायला नको होती.

"कुणाचाय हा?"

रुचिराच्या लक्षात आलं की तिचे हात पाठीमागे आहेत. कधी गेले ते तिला कळलंच नव्हतं. एकात एक गुंतलेले, घट्ट, घामाने ओले. तिने ते सोडवले, पुढे आणले आणि टेबलावर सगळ्यांच्या देखत उघडे ठेवले.

"माझा," ती म्हणाली. "माझ्या बाबांचा पण असाच होता."